झाडाच्या पोटातली बुरशी आणि कॅन्सरचे इंजेक्शन

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. अहमदपूर तालुक्यातल्या एका गावचा तरुण शेतकरी संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळेला आला. सोबत आई नव्हती. त्याने पिशवीतून एक जाड प्लॅस्टिकची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत लाकडाच्या भुशासारखी पिवळसर पावडर होती.

"मॅडम, हे आईला चालू केलं तर जमंल का? सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा कोमट पाण्यात घ्या म्हणलेत. पण डोस बंद करावे लागतेत म्हणे."

त्याची आई माझी जुनी पेशंट. वय चौपन्न. वर्षाच्या सुरुवातीला पोट फुगते, दोन घास खाल्ले तरी गच्च वाटते, म्हणून त्या आल्या होत्या. मी तपासले आणि तीन आठवडे गॅसच्या गोळ्या दिल्या. आता वाटते, पहिल्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवायला हवे होते. पाठवले तेव्हा लातूरहून अंडाशयाच्या गाठीचा आणि पोटात पाणी असल्याचा रिपोर्ट आला. बार्शीला ऑपरेशन झाले आणि दर तीन आठवड्यांनी एक असे केमोथेरपीचे सहा डोस ठरले. त्यातले दोन झाले होते. डोक्यावरचे केस गेले होते, तळपायाला मुंग्या येत होत्या. घरात जो तो येऊन काहीतरी सांगत होता. कोल्हापूरकडच्या कुणा ओळखीच्या माणसाने ही पुडी दिली होती. झाडाचे नाव सांगितले होते नरक्या. आणि वर एक वाक्य पटवून दिले होते, "दवाखान्यातलं कॅन्सरचं इंजेक्शन ह्याच झाडापासून बनतंय."

वाचकहो, हे वाक्य धादांत खोटे असते तर माझे काम सोपे होते. पण ते अर्धे खरे होते. अर्धे खरे असलेले वाक्य खोडून काढायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्या दिवशी मी त्या मुलाला दिला. त्याला जे सांगितले तेच आज थोडे विस्ताराने लिहीत आहे. कारण ही पुडी एकाच घरात पोहोचली असेल असे मला वाटत नाही.

या गोष्टीची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातल्याच एका माणसापासून करता येते. मनसुख वाणी हे १९२५ साली नंदुरबारला जन्मले. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, अमेरिकेत गेले, १९६२ साली डॉक्टरेट मिळवली आणि नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत मनरो वॉल यांच्यासोबत कामाला लागले. काम म्हणजे काय, तर देशोदेशीच्या झाडांच्या साली, पाने, मुळ्या आणून त्यांचा अर्क काढायचा आणि कॅन्सरच्या पेशींवर तो चालतो का ते बघायचे. बहुतेक अर्क निकामी निघत. दोन मात्र निघाले नाहीत. १९६६ साली चीनमधल्या एका झाडापासून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य त्यांनी वेगळे केले. १९७१ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या सालीतले टॅक्सॉल त्यांनी जगापुढे ठेवले. या टॅक्सॉलचेच औषधी नाव पॅक्लिटॅक्सेल. अहमदपूरच्या या बाईंच्या सलाईनमध्ये होते ते हेच औषध. वाणी २०२० साली वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी वारले. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कुणाला माहीत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता नरक्या. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांना दिसून आले, की वाणींना चिनी झाडात सापडलेले कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडातही आहे, आणि चांगल्या प्रमाणात आहे. ते झाड म्हणजे नरक्या. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोलीकडच्या दाट, ओल्या जंगलात हे वाढते. फुलांना घाण वास येतो, म्हणून हे नाव. आपल्या मराठवाड्यात ते दिसायचे नाही. आपली हवा त्याला मानवत नाही.

म्हणजे झाड खरे, त्यातले द्रव्य खरे. मग पुडी का नको?

सत्तरीच्या दशकात अमेरिकेत कॅम्प्टोथेसिन थेट रुग्णांना देऊन पाहिले गेले. गाठी काहींच्या कमी झाल्या, पण जुलाब थांबेनात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या, लघवीतून रक्त जाऊ लागले. ते प्रयोग थांबवावे लागले. पुढे १९८५ साली हे द्रव्य पेशीत नेमके काय करते ते कळले. पेशी दुभंगताना तिच्या आतल्या डीएनएचा पीळ सोडवावा लागतो, जसा चऱ्हाटाचा पीळ सोडवताना एक पदर मोकळा करावा लागतो. हे काम करणारे एक विकर असते. कॅम्प्टोथेसिन त्याला मधेच अडकवून ठेवते आणि दुभंगू पाहणारी पेशी मरते. हे समजल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी मूळ द्रव्यात फेरफार करून टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही दोन औषधे तयार केली. १९९६ साली दोन्हींना अमेरिकेत परवानगी मिळाली. पहिले अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये, आधीचे औषध लागू पडेनासे झाल्यावर वापरतात. दुसरे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये.

जरा हिशेब करू. नरक्याच्या वाळलेल्या लाकडात किलोमागे साधारण एक ते तीन ग्रॅम कॅम्प्टोथेसिन असते. पुडी अस्सल असेल, तर पाच ग्रॅमच्या एका चमच्यात पाच ते पंधरा मिलीग्रॅम झाले. टोपोटेकानचा शिरेतून द्यायचा डोस आपल्याकडच्या अंगकाठीच्या बाईला दिवसाला दोन मिलीग्रॅमच्या आसपास असतो. तोही रोज पाच दिवस देऊन मग थांबायचे, रक्त तपासायचे, पांढऱ्या पेशी सावरल्या तरच पुढचा. दोन्ही औषधे एकच नव्हेत आणि पोटातून घेतलेले सगळेच अंगी लागते असेही नाही. पण कोणत्या मापाचे विष आपण चहाच्या चमच्याने मोजत आहोत, याचा अंदाज यावा. आधीच केमोथेरपीने पेशी उतरलेल्या बाईला हे सकाळ-संध्याकाळ दिले असते, तर कॅन्सरआधी जुलाबाने आणि जंतुसंसर्गाने घात केला असता. आणि पुडी अस्सल नसेल, नुसता भुसा असेल, तर डोस बंद केल्याने.

मुलाने यावर विचारले, "मग मॅडम, एवढं भारी झाड हाय तर सरकार लावत का न्हाई?" प्रश्न रास्त होता. औषध कंपन्यांना कच्चा माल हवा झाला तशी नरक्याची तोड वाढली. झाड वाढायला वर्षे लागतात, तोडायला दहा मिनिटे. कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या डोंगराळ भागात नरक्याचे चोरटे लाकूड पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या. अमेरिकेतल्या यू झाडाची कथा तीच. ते इतके सावकाश वाढते, की शंभर वर्षांचे झाड पाडले तरी त्याच्या सालीतून निघणारे टॅक्सॉल जेमतेम एका डोसला पुरे. सहा डोसांना सहा झाडे! जगभरच्या रुग्णांना पुरतील एवढी झाडे आणायची कुठून?

इथे आपल्या गोष्टीत बुरशी येते.

बुरशी म्हटले की आपल्याला शिळ्या भाकरीवरची पांढरी लव किंवा लोणच्यावरचा थर आठवतो. पण एक वेगळ्या जातीचे बिऱ्हाड बुरश्यांनी थाटलेले असते, ते झाडाच्या आत. पानात, फांदीच्या आतल्या सालीत, मुळांत, पेशींच्या मधल्या जागेत त्यांचे धागे राहतात. बाहेरून काही दिसत नाही. झाड पिवळे पडत नाही, पाने गळत नाहीत. शास्त्रज्ञ यांना एंडोफाइट म्हणतात. आपण आतवासी म्हणू. आजवर ज्या ज्या झाडांत शोधले त्या जवळपास सगळ्यांत त्या सापडल्या आहेत. तुमच्या अंगणातल्या लिंबातही आहेत.

त्या शोधण्याची पद्धत ऐकायला सोपी आहे. ताजी फांदी तोडून आणायची, वाहत्या पाण्याखाली धुवायची, मग काही मिनिटे स्पिरिटमध्ये आणि कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये असते त्या द्रावणात बुडवायची. याने बाहेरून चिकटलेले सगळे जंतू मरतात. मग निर्जंतुक ब्लेडने वरची साल काढून आतले बारीक तुकडे करायचे आणि अगर घातलेल्या काचेच्या बशीत ठेवायचे. काही दिवसांनी तुकड्याच्या कडेने कापसासारखे तंतू बाहेर येऊ लागतात. बाहेरचे तर सगळे मारले. मग हे आले कुठून? आतून. तेवढे उचलून दुसऱ्या बशीत वाढवायचे आणि त्यांनी काय काय द्रव्ये तयार केली ते तपासायचे. महागडी यंत्रे लागतात ती या शेवटच्या पायरीला. त्याच्या आधीचे काम महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही होते.

१९९३ साली अमेरिकेत माँटाना राज्यातल्या अँड्रिया स्टिअर्ल, गॅरी स्ट्रोबेल आणि डोनाल्ड स्टिअर्ल यांनी यू झाडाच्या आतल्या सालीतली एक बुरशी अशीच वेगळी केली आणि जाहीर केले की ही बुरशी एकटीच, झाडाशिवाय, टॅक्सॉल बनवते. बुरशीला अँड्रियाबाईंचेच नाव दिले गेले. वैज्ञानिक जगात खळबळ उडाली. झाड तोडायची गरज संपली, आता पिंपात बुरशी वाढवा आणि औषध काढा, असे सगळ्यांना वाटले. आपल्याला तर हे फारच ओळखीचे वाटावे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, ती याच तत्त्वावर: मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची आणि पेनिसिलिन काढायचे. पेनिसिलिनला जमले ते टॅक्सॉलला का जमू नये?

अडचण प्रमाणाची होती. त्या बुरशीच्या एक लिटर द्रावणात टॅक्सॉल मिळाले २४ ते ५० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. आपल्या बाईंना एका वेळचा डोस होता अडीचशे मिलीग्रॅमच्या घरात. लिटरला ५० नॅनोग्रॅम धरले तरी त्या एका डोससाठी ५० लाख लिटर द्रावण लागले असते. लातूरकरांना हा आकडा डोळ्यांपुढे आणायला अवघड नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे येत होती, ती ५० वाघिणींची गाडी एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी आणायची. म्हणजे अशा दोन भरलेल्या गाड्यांइतके द्रावण, आणि औषध एका बाईच्या एका सलाईनपुरते.

पुढे यापेक्षा जास्त टॅक्सॉल देणाऱ्या बुरश्या सापडल्याचे निबंध अनेक देशांतून प्रसिद्ध झाले. उलट २०१३ साली काही शास्त्रज्ञांनी त्या मूळ बुरशीची जनुके तपासून सांगितले, की टॅक्सॉल बनवायला लागणारी सामग्रीच आम्हाला हिच्यात दिसत नाही. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. रुग्णांच्या दृष्टीने प्रश्न दुसऱ्याच वाटेने सुटला. युरोपातल्या यू झाडाच्या पानांत टॅक्सॉलचा अर्धवट तयार झालेला भाग भरपूर असतो. पाने खुडली तरी झाड राहते. फ्रान्समधल्या पिएर पोतिए आणि अमेरिकेतल्या रॉबर्ट होल्टन यांनी त्या भागापासून पुरे औषध बनवायची रीत काढली. नंतर यू झाडाच्या पेशीच टाक्यांत वाढवून औषध काढणेही जमले. आज रुग्णाला मिळते ते औषध या वाटांनी आलेले असते. बुरशीपासून केलेले पॅक्लिटॅक्सेल मी अजून बाजारात पाहिलेले नाही.

आपल्या नरक्याचेही तसेच काम झाले, आणि ते आपल्या देशात झाले. २००५ साली जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या पुरी, वर्मा, आमना, काझी या शास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या स्पिटेलर यांच्यासोबत निबंध प्रसिद्ध केला. भारताच्या पश्चिम किनारपट्टीवरच्या नरक्याच्या आतल्या सालीत त्यांना एक बुरशी सापडली होती आणि ती कॅम्प्टोथेसिन बनवत होती. कॅन्सरच्या पेशींवर त्याचा परिणामही तसाच दिसला. ज्या झाडाची चोरटी तोड चालली होती, त्याच्या पोटातच त्याला वाचवायची युक्ती असावी, ही कल्पना मला फार आवडली होती.

पण बुरशी लहरी निघते. प्रयोगशाळेत एका बशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी वाढवत गेले, की औषध कमी कमी होत जाते. आपण घरी एकाच विरजणाचे दही पुन्हा पुन्हा लावतो तेव्हा काही दिवसांनी ते पाणचट व्हायला लागते, तसे. याचे एक कारण जर्मनीतल्याच अभ्यासात पुढे आले. चिनी झाडातल्या एका बुरशीची जनुके तपासली, तेव्हा दिसले की औषध बनवण्याच्या साखळीतले एक महत्त्वाचे विकर बुरशीकडे स्वतःचे नाहीच. ते ती झाडाकडून उसने घेते. शेजारणीकडून रोज मीठ मागून स्वयंपाक करणाऱ्या बाईला दुसऱ्या गावी नेऊन ठेवले तर पहिले काही दिवस सोबतच्या मिठावर निघतात, पुढे आळणी. बुरशीचे तसेच झाले. झाडापासून तोडल्यावर ती जगते, वाढते, पण तो पदार्थ तिला नीट साधत नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गंमत कळली. हे द्रव्य तर पेशी मारणारे. मग ते बनवणारे झाड आणि बुरशी स्वतः कसे मरत नाहीत? तर ज्या विकराला हे द्रव्य अडकवते, त्या विकराचीच घडण या दोघांत किंचित बदललेली असते. त्यामुळे विष त्याला धरू शकत नाही. माणसाच्या विकरात तसा बदल नाही. म्हणून झाडाला जे पचते ते आपल्याला पचेल असे मानू नये. पुडीवाल्यांचे "निसर्गाचं हाय, त्याला कसला साईड इफेक्ट" हे पालुपद मी तीस वर्षे ऐकत आले आहे. निसर्गाने हे द्रव्य किडे आणि जंतू मारायला केले आहे, आपल्या सोयीसाठी केलेले नाही.

झाडावर राहणाऱ्या बुरशीचे औषध आपण न कळत कधीचे वापरत आलो आहोत. बाजरीच्या किंवा ज्वारीच्या कणसाला फुलोऱ्यात पाऊस आणि ढगाळ हवा लागली, की मधासारखे चिकट थेंब सुटतात. ज्वारीवर शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. पुढे दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठी धरतात. हा अरगट रोग. ही बुरशी झाडभर नसते, कणसाच्या फुलात घुसते, एवढा फरक. युरोपात राय नावाच्या धान्यावर तिची बहीण येते आणि तिथल्या सुइणी बाळंतपणाच्या कळा वाढवायला त्या काळ्या गाठी शेकडो वर्षे वापरत होत्या. मात्रा चुकली की बाईचा किंवा बाळाचा जीव जायचा. १९३५ साली त्यातले नेमके द्रव्य, अर्गोमेट्रिन, शुद्ध रूपात हाती आले. त्याचेच सुधारलेले रूप म्हणजे मेथर्जिन. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी खेड्यापाड्यांत कंदिलाच्या उजेडात हे इंजेक्शन देऊन किती बाळंतिणी वाचवल्या असतील, त्याची मोजदाद नाही. आता ऑक्सिटोसिनला पहिला मान आहे आणि रक्तदाब वाढलेल्या बाईला मेथर्जिन देत नाहीत. पण सुइणीच्या हातची काळी गाठ ते ०.२ मिलीग्रॅमची मोजलेली कुपी, हा सगळा प्रवास मोजमापाचा आहे. नरक्याची पुडी त्या प्रवासात अजून सुइणीच्या हातातच आहे.

हे वाचून कुणी बुरशी लागलेले धान्य गुणकारी असते असे समजू नये. तेवढ्यासाठी चार ओळी. १९५० च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या, गरगरणे, गुंगी असा त्रास झाल्याची नोंद आहे. १९९५ साली अवेळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाबांची साथ आली. त्याला कारण झालेली बुरशी मक्याच्या ताटात एरवी गुपचूप राहणारी, आतवासीच होती. काढणीला पाऊस झाला की आपल्याकडे काळी पडलेली ज्वारी स्वस्तात विकायला येते. ती गरिबाच्याच घरात जाते. धुऊन, वाळवून, दळून विष जात नाही; भाजल्यानेही पुरते जात नाही. बाजरीच्या बियाण्यासाठी मात्र एक सोपा उपाय आहे: दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी ओतावे. अरगटाच्या गाठी हलक्या असल्याने वर तरंगतात. त्या काढून जाळाव्यात किंवा पुराव्यात, आणि खालचे बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

आतवासी बुरश्यांचे संशोधन थांबलेले नाही. आपल्या दारातल्या कडुनिंबाच्या मुळातल्या एका बुरशीपासून बनारसच्या हिंदू विद्यापीठातल्या खरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच स्ट्रोबेल यांच्या सोबतीने, जाव्हानिसिन नावाचे द्रव्य काढले. हे २००९ सालचे काम. मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेत ठाण मांडून बसणारा स्युडोमोनास नावाचा एक चिवट जंतू आहे, नेहमीची औषधे त्याला दाद देत नाहीत. त्या गटातल्या जंतूंवर हे द्रव्य प्रयोगशाळेच्या बशीत चालले. बशीतून माणसात यायला मधे अनेक वर्षांचा रस्ता असतो आणि बहुतेक द्रव्ये त्या रस्त्यात गळतात. म्हणून उद्या कुणी कडुनिंबाच्या मुळाची पुडी घेऊन आले, तर माझे उत्तर तेच राहील.

एक शंका नेहमी विचारली जाते, की घरगुती औषध सोबत घेतले तर काय बिघडते, डोस तर चालूच आहेत ना? बिघडते. केमोथेरपीची औषधे बहुतेक यकृतातून निचरा होतात. सोबत घेतलेला काढा किंवा पावडर त्या निचऱ्यात ढवळाढवळ करू शकते. औषध अंगात साठते किंवा लवकर निघून जाते. घेतच असाल तर निदान लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून लोक सांगत नाहीत आणि डॉक्टर रागावतातही, हा आमचा दोष आहे. पुडी घेऊन जा, दाखवा, विचारा. खर्चापायी डोस सोडायची पाळी येत असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी बसते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. या मुलाने पुडीला दिलेले पैसे ऐकून मला धक्का बसला. डोसांना त्याच्या खिशातून तेवढे गेले नव्हते.

चाळिशी ओलांडलेल्या बायकांसाठी आणखी एक सांगते. पोट सारखे फुगणे, थोडे खाऊन गच्च होणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे, यांतले काही नव्याने सुरू झाले आणि दोन-तीन आठवडे रोज राहिले, तर गॅसची गोळी मागू नका. डॉक्टरने दिली तरी सोनोग्राफीचे विचारा. मी हे माझ्या अनुभवावरून सांगते आहे.

त्या दिवशी तासभर बोलल्यावर मुलाने पुडी परत पिशवीत घातली. ती माझ्याकडे ठेव म्हटले तर नको म्हणाला. ज्याने दिली त्याला परत करून पैसे मागतो म्हणाला. पैसे काही मिळाले नाहीत. तिसऱ्या डोसला आठवडा उशीर झाला, कारण पांढऱ्या पेशी कमी भरल्या होत्या. पेशी कमी का भरल्या हे मी विचारले, तेव्हा बाईंनीच खाली मान घालून सांगितले, की चार दिवस पावडर घेतली होती, पोराला सांगू नका. पुढचे डोस मात्र तारखेला झाले. सहावा दिवाळीच्या आधी संपला. केस आता बोटभर आले आहेत. पायाच्या मुंग्या अजून आहेत, त्या हळूहळू कमी होतील असे बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला जावे लागते. पुढची तारीख जवळ आली आहे.